ॲव्हरेज पडले? आधी आकडा सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडीचे ॲव्हरेज अचानक पडले की सध्या आपल्याकडे एकच कारण ऐकू येते: ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. चहाच्या टपरीवर निकाल लागतो आणि गिऱ्हाईक निदान सोबत घेऊनच गॅरेजमध्ये येते. इथेनॉलमुळे ॲव्हरेज कमी होते हे खरे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण किती कमी होते हे कोणी मोजत नाही. मग जाम झालेला ब्रेक, काढून फेकलेला थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप), उंदराने कुरतडलेली वायर, सगळेच इथेनॉलच्या नावावर खपून जाते आणि गाडी तशीच पीत राहते.

हिशेब असा आहे. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे ई-१० (१० टक्के इथेनॉल) वरून ई-२० वर येताना लिटरमागची ऊर्जा साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. निती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातही आकडे दिले आहेत: साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट, आणि ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या गाडीत १ ते २ टक्के. सगळ्यात वाईट बाजू धरली तरी अठराचे ॲव्हरेज देणारी गाडी पावणेसतराच्या आसपास यायला हवी. ती चौदावर आली असेल, तर घट २२ टक्क्यांची आहे. त्यातला मोठा वाटा गाडीत कुठेतरी दडला आहे, टाकीत नाही.

म्हणून आधी आकडा हवा, आणि तो स्क्रीनवरचा नको. स्क्रीनवरचे ॲव्हरेज इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून कॉम्प्युटर काढतो. त्यात चार-पाच टक्क्यांचा फरक सहज असतो, आणि बहुतेक वेळा तो मालकाला सुखावणाऱ्या बाजूचा असतो. ‘पाचशेचे टाकले अन् काटा इथवरच आला’ हाही हिशेब नव्हे. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होते तिथे थांबावे, ट्रिप मीटर शून्यावर आणावा, रोजच्याच रस्त्याने किमान तीनशे किलोमीटर चालवावी आणि त्याच पंपावर, जमल्यास त्याच नोझलने, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरावे. ३१२ किलोमीटरला १९.५ लिटर बसले तर ॲव्हरेज १६. नोझल कधी लवकर बंद होते, कधी उशिरा. वीस लिटरमध्ये एका लिटरची चूक झाली की पाच टक्के गेले. त्यामुळे एका टाकीवर निकाल देऊ नये, दोन-तीन टाक्यांची बेरीज घ्यावी.

मोजमापासाठी टाकी कटपर्यंत भरा म्हटले की काही जण गळ्यापर्यंत भरतात. पंप गावापासून वीस-पंचवीस किलोमीटर दूर, म्हणून गाडी हलवून हलवून भरण्याची सवयच पडलेली असते. टाकीतली पेट्रोलची वाफ शोषून घ्यायला गाडीत कोळशाचा एक डबा असतो, त्याला कॅनिस्टर म्हणतात. गळ्यापर्यंत भरलेल्या टाकीतून त्यात वाफेऐवजी पेट्रोलच शिरते, पर्ज व्हॉल्व्हमधून इंजिनात ओढले जाते आणि मिक्श्चर रिच होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते. टाकी फुल्ल केल्यावर गाडी लगेच स्टार्ट होत नसेल आणि मागे पेट्रोलचा वास येत असेल, तर पहिला संशय इथेच घ्यावा. भिजलेला कॅनिस्टर बऱ्याचदा दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

आकडा हाती आला की मिस्त्रीने पाना उचलण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. पहिला, रस्ता बदलला का? कारंजा लाडला समृद्धीवर चढून १२० ने नागपूर गाठणाऱ्याने दर्यापूर-मूर्तिजापूर रस्त्यावरचे ॲव्हरेज तिथे मागू नये. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० च्या जागी १२० म्हणजे विरोध सव्वादोनपट. वर कॅरिअर आणि त्यावर ताडपत्री बांधलेली असेल तर बोलायलाच नको. ही घट बिघाड नव्हे, वेगाची किंमत आहे.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: ॲव्हरेज पडायच्या आधीच्या महिनाभरात गाडीला कुणी हात लावला होता का? अचानक आलेली घट अनेकदा आधीच्या कामातूनच निघते. टायर बदलले असतील तर साइज बघावी. १८५/६५ आर १५ च्या जागी ‘दिसायला भारी’ म्हणून २०५/६५ आर १५ बसवले की चाकाचा घेर चार टक्क्यांनी वाढतो. गाडी १०० किलोमीटर धावते, मीटर ९६ दाखवतो, आणि ते चार किलोमीटर ॲव्हरेजमधून वजा होतात. शिवाय रुंद टायर थोडे जास्त पितोच. ऑइल बदलले असेल तर डब्याचा नंबर बघावा. कंपनीने ० डब्ल्यू २० किंवा ५ डब्ल्यू ३० सांगितलेल्या इंजिनात ‘आपल्याकडे ऊन फार, जाड तेलच बरं’ म्हणून २० डब्ल्यू ५० ओतण्याची पद्धत अजून गेलेली नाही. थंडीच्या सकाळी ते तेल पंपाला काकवीसारखे ढकलावे लागते. आणि रेडिएटरचे काम झाले असेल, तर थेट थर्मोस्टॅटकडे जावे. त्याबद्दल जरा सविस्तर.

आपला पट्टा खारपाणाचा. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, शेगावपर्यंत पूर्णेच्या खोऱ्यातले बोअरचे पाणी खारे आणि जड. तेच रेडिएटरमध्ये टाकले जाते. कूलंटचा डबा महाग वाटतो आणि ‘पाणीच तर आहे’ असा समज असतो. दोन-तीन वर्षांत आत क्षार बसतो, रेडिएटरच्या बारीक नळ्या अरुंद होतात आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात काटा वर जातो. मग रस्त्याकडेच्या दुकानात सोपा उपाय होतो: थर्मोस्टॅट काढून टाकायचा. पाणी सतत फिरते, काटा खाली येतो, गिऱ्हाईक खूश. रोग मात्र रेडिएटरमध्ये तसाच राहतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढला की बायपासचा रस्ता कायम उघडा राहतो, पाणी रेडिएटर टाळून फिरते आणि गाडी उलट जास्त तापते.

ॲव्हरेजची रड सुरू होते दिवाळीनंतर. सकाळचे तापमान दहा-बारा अंशांवर येते, थर्मोस्टॅट नसलेले इंजिन कामाच्या तापमानाला, म्हणजे साधारण ८५ ते ९५ अंशांना, पोहोचतच नाही. ६०-६५ अंशांवर रेंगाळणाऱ्या इंजिनाला कॉम्प्युटर ‘अजून थंड आहे’ समजून पेट्रोल वाढवून देतो, ऑइलही घट्ट राहते. सीएनजीची गाडी असेल तर गॅसवर जायलाच उशीर लावते आणि तेवढा वेळ पेट्रोल जळते. क्षाराने उघडा अडकलेला थर्मोस्टॅटही नेमके हेच करतो.

तपासणी फुकटात होते. रात्रभर उभी असलेली गाडी स्टार्ट करून रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावावा. पंख्यापासून दूर, मफलर-ओढणी आवरून. थर्मोस्टॅट चांगला असेल तर होज बराच वेळ थंड राहते, काटा मध्यावर आला की एकदम गरम होते. होज पहिल्या दोन-तीन मिनिटांपासूनच हळूहळू कोमट होत गेली, तर थर्मोस्टॅट उघडा आहे किंवा जागेवरच नाही. काढलेला थर्मोस्टॅट तपासायचा असेल तर भांड्यात पाणी घेऊन त्यात दोरीने लटकवावा, तळाला टेकू देऊ नये, आणि थर्मामीटर लावून पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास, बहुतेक ८२ ते ८८ ला, तो उघडायला लागतो आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडतो. थंड पाण्यातही फट दिसली तर फेकून द्यावा. बसवताना नवा रबर सील आणि तयार कूलंट. कूलंट पाणी मिसळून वापरायचा असेल तर डिस्टिल्ड पाणीच. बॅटरीचे मिळते तेच चालते. बोअरचे नाहीच, आणि आरओचे पाणी डिस्टिल्ड समजू नये.

थर्मोस्टॅट ठीक असेल तर त्याच्या शेजारचा टेम्परेचर सेन्सर बघावा. थंड असताना त्याचा रेझिस्टन्स दोन-अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ८० अंशांना तीनशेच्या घरात, असा बहुतेक गाड्यांचा हिशेब आहे. सकाळी गाडी स्टार्ट न करता फक्त चावी फिरवून स्कॅनर लावला, तर कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान दोन-तीन अंशांच्या फरकाने सारखे दिसायला हवे. पंधरा अंशांचा फरक दिसला तर दोनपैकी एक सेन्सर खोटे बोलतो आहे. वायरच तुटलेली असेल तर बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखा चालूच राहतो. वायर कोण तोडतो हे आपल्याकडे सांगायला नको. सोयाबीन-तूर घरात आली की उंदीर घरात येतात आणि रात्री गरम बॉनेटखाली मुक्काम करतात. हवेच्या फिल्टरच्या डब्यात त्यांनी कपाशीचे घर केलेले असते, तेही उघडून बघावे.

आता ब्रेक. अचानक घटीचे हे सगळ्यात नेमाने निघणारे कारण, आणि सगळ्यात कमी तपासले जाणारे. पावसाळ्यात पांदण रस्त्यावरची काळी माती चाकाच्या आत जाऊन बसते आणि वाळली की वीट होते. कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकणाऱ्या पिना गंजतात. मागच्या ड्रमचे शू, हँडब्रेक लावून आठवडाभर ओल्यात उभ्या ठेवलेल्या गाडीत, ड्रमला चिकटतात. हँडब्रेकची केबल ओढली जाते पण परत येत नाही. गाडी चालते, फक्त ब्रेक थोडा लागलेलाच असतो.

मोकळ्या रस्त्यावर सात-आठ किलोमीटर, शक्य तितका ब्रेक न दाबता चालवावी आणि हळू थांबवावी. मग चारही चाकांच्या रिमजवळ हाताचा पालथा पंजा नेऊन बघावे. डिस्कला हात लावू नये, भाजते. एका बाजूचे चाक दुसऱ्यापेक्षा ठळक गरम असेल तर गुन्हेगार सापडला. मग गाडी सपाटीवर घेऊन, चाकांना दगड लावून, जॅकवर चाक उचलावे आणि हाताने फिरवावे. पुढच्या चाकाला गिअरबॉक्सचा थोडा भार असतो, पण डिस्क पॅडला एकसारखी घासत असेल तर आवाजाने कळते. पॅडल दाबून सोडावे, पुन्हा फिरवावे. चाक जाम राहिले तर कॅलिपरची ब्लीडिंग निपल जराशी उघडावी. ऑइलची पिचकारी उडून चाक मोकळे झाले, तर प्रेशर आत अडकून राहिले होते: रबरी होज आतून सुजलेली आहे किंवा मास्टर सिलिंडर परत येत नाही. निपल उघडूनही चाक जामच असेल तर पिस्टन किंवा पिना. पिनांना साधे चॅसिसचे ग्रीस लावू नये, रबर फुगते आणि महिन्याभरात पुन्हा तेच दुखणे. ब्रेकचे सिलिकॉन ग्रीस मिळते, तेच लावावे. ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, जे टोपणावर लिहिले आहे ते. त्यात चुकून इंजिन ऑइल पडले असेल तर सगळे सील फुगतात आणि चारही चाके एकदम जाम व्हायला लागतात. निपल उघडली असेल तर एअर काढूनच गाडी रस्त्यावर न्यावी. मागे ड्रम असलेल्या गाडीचा हँडब्रेक साधारण चार ते सात टिकटिकीत घट्ट व्हावा. दोनमध्येच होत असेल तर केबल जास्त ओढली आहे.

हवेबद्दल थोडेच. मे महिन्याच्या दुपारी गरम टायरमध्ये ३३ भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे २६-२७ भरते, कारण दर साडेपाच अंशांमागे जवळपास एक पीएसआय कमी होतो, शिवाय महिन्याकाठी थोडी झिरपते ती वेगळी. म्हणून हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरहून जास्त चाललेली नसताना बघावी. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. मात्र सहा-सात पीएसआय कमी हवेने ॲव्हरेज एक-दोन टक्केच पडते. पंपावर हवा फुकट देणे बंधनकारक असूनही अनेक ठिकाणी यंत्र बंद असते, ही तक्रार मात्र रास्त आहे आणि ती पंपावरच्या तक्रारवहीत लिहावी.

हवेचा फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढते, हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फिल्टर चोक झाला तर हवा कमी जाते, कॉम्प्युटर पेट्रोलही तितकेच कमी करतो. पिकअप मरतो, ॲव्हरेज फारसे हलत नाही. जिनिंगच्या आसपास आणि थ्रेशरच्या धुळीत फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर वेळेआधी बदलायचाच, पण तो इंजिनाच्या आयुष्यासाठी. गिऱ्हाईक ॲव्हरेजची तक्रार घेऊन आले आणि फिल्टर, चार प्लग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग असे बिल झाले, तर निदान झाले नाही, नुसती सर्व्हिसिंग झाली.

पेट्रोल गाडीचे खरे निदान स्कॅनरवर होते. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते, त्यात बसणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर हजार-पंधराशेत येतो आणि मोबाइलवर वाचता येतो. चेक लाइट पेटलेली नसली तरी लावावा. बघायचा आकडा एकच, लाँग टर्म फ्युएल ट्रिम. कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो ते त्यात दिसते. ई-१० वरून ई-२० वर आलेल्या, ई-२० साठी न जुळवलेल्या गाडीत तीन-चार टक्के वाढ दिसणे रास्तच आहे. उणे दहाच्या खाली गेला तर कुठून तरी जास्तीचे पेट्रोल येते आहे: गळणारा इंजेक्टर, भिजलेला कॅनिस्टर, वाढलेले प्रेशर. अधिक दहाच्या वर गेला तर कॉम्प्युटरला मिक्श्चर लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दिसते आहे, आणि इथे बरेच जण फसतात. धुराच्या पाइपातल्या पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅसकेटला किंवा पाइपला चीर असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, कॉम्प्युटर लीन समजून पेट्रोल वाढवतो. स्कॅनर लीन म्हणतो आणि प्लग काढला तर काजळीने काळा. हे दोन्ही एकत्र दिसले की सेन्सर बदलण्याआधी, थंड इंजिन स्टार्ट करून सायलेन्सरचा फटफट आवाज कुठून येतो ते ऐकावे. मिसफायरही (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळणे) असाच चकवा देतो. चेक लाइट लुकलुकत असेल तर गाडी दामटू नये, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो आणि त्याची किंमत प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या अनेक पट असते.

डिझेलवाल्यांसाठी दोनच गोष्टी. जुन्या गाडीत काळा धूर आणि पिकअप नाही, तर टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारी रबरी होज बघावी. चीर पडली की तिथे तेलकट धूळ चिकटलेली असते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो. गाव ते शेत, शेत ते गाव असे तीन-चार किलोमीटरचे फेरे मारणाऱ्या गाडीत तो काजळीने भरतो. ती जाळायला गाडी जास्तीचे डिझेल सोडते, तेवढ्यात मालक चावी काढतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे डिझेल ऑइलमध्येही उतरते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसले तर आनंद मानू नये, ऑइल बदलावे. डीपीएफचा दिवा लागला की गाडी वीस मिनिटे न थांबवता साठच्या वर, दोन हजार आरपीएम राखून चालवावी.

क्लचही बघावा. चिखलदऱ्याचा घाट चढताना आरपीएम वाढतो आणि वेग वाढत नाही, तर डिझेल-पेट्रोल क्लच प्लेटवर जळते आहे.

पंपावर संशय असेल तर भांडणाऐवजी पाच लिटरचे माप मागावे. वैधमापन विभागाचा शिक्का असलेले ते माप प्रत्येक पंपावर ठेवावे लागते आणि ग्राहकासमोर मापून दाखवावे लागते. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंत फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का. माप बरोबर भरले, तर गाडीकडे परत यावे.

शेवटी पीयूसी. ॲव्हरेजची सगळ्यात स्वस्त तपासणी आपण दरवर्षी पैसे भरून विकत घेतो आणि कागद न वाचता घडी घालून ठेवतो. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाडीत आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत, हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत आणि २५०० च्या आसपासच्या आरपीएमवर लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १ म्हणजे नेमके) ०.९७ ते १.०३ असावा लागतो. कार्बन मोनॉक्साइड वर आणि लॅम्डा ०.९७ च्या खाली, म्हणजे गाडी रिच चालते आहे. मग ब्रेक-टायर सोडून इंजिनाकडे जावे. तिन्ही आकडे नीट असतील आणि ॲव्हरेज तरी पडले असेल, तर इंजिन उघडू देऊ नये, चाके उचलावीत. परिवहन विभागाने आपल्या जिल्ह्यातल्या केंद्रांवर एवढेच बघावे की हे आकडे खरोखर त्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून काढलेले आहेत. गाडी घरी उभी असताना मोबाइलवर आलेल्या पीयूसीवरून कोणत्याही मिस्त्रीला काही सांगता येत नाही.

आपले,
दर्यापूर तालुक्यातील काही गॅरेजचालक
(जि. अमरावती)